महिकावतीची बखर : बेटावरील समाजाचा इतिहास व त्याचे प्रामाण्य

साष्टी, मुंबई व वसई या परिसरातील वस्तीचा वृत्तान्त सांगणारी ‘महिकावतीची बखर’ वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. गद्यपद्यमिश्रित असा हा ग्रंथ एकहाती नाही. त्याचा जुना गाभा केशवाचार्याने १४४८ साली रचला. इतर प्रकरणांची भर मागाहून पडली. हे थर वेगळे करून दाखविणे हे राजवाड्यांचे मोठेच श्रेय होय. तथापि थर वेगळे केल्यावर प्रत्येकाचे प्रामाण्यही स्वतंत्रपणे तपासणे प्राप्त होते. प्रस्तावनेत समाजमीमांसेला जो विस्तार लाभला, तो या तपासणीच्या वाट्याला आलेला नाही.

बखरीच्या मते प्रतापबिंबाने ११३८ साली उत्तर कोकणात प्रवेश करून राज्य स्थापिले. परंतु या प्रदेशातील शिलाहारांचे लेख त्यानंतरही मिळतात. अपरादित्याचा परळ येथील शिलालेख ११८६-८७ चा असून त्यातील दान षट्षष्टी प्रदेशासंबंधी आहे. तेव्हा त्या काळात बिंबांचे स्वतंत्र राज्य साष्टीवर नांदत होते, असे मानणे कठीण आहे. याउलट तेराव्या शतकाच्या अखेरीस यादवांच्या आश्रयाने झालेल्या वसाहतीची हकीकत अधिक संभवनीय वाटते. कारण रामदेवरायाच्या काळातील १२७२ व १२९० चे ठाण्याचे ताम्रपट या भागातील यादवसत्तेची साक्ष देतात.

‘साष्टी’ हे नाव ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, यापासून निघाले. बिंबपरंपरेत राजाबरोबर आलेली कुळेही सहासष्टच सांगितली आहेत. हा योगायोग नसावा. प्रदेशनामातील संख्येभोवती कुळांची गणना मागाहून रचली गेली असावी, असे अनुमान करण्यास येथे जागा आहे. तसे असल्यास ती गणना बाराव्या शतकाचा पुरावा ठरत नाही. नावाचा अर्थ लोकांनी आपल्या पूर्वजांशी कसा जोडला, याचा मात्र ती उत्तम पुरावा ठरते.

बखरीतील ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्दही याच दृष्टीने वाचावयास हवा. मालाडच्या नायकोरावास देवीचा दृष्टान्त झाला व त्यावरून कुळे, वृत्ती व आचार यांची नोंद झाली, असे बखर सांगते. त्या वेळी ही बेटे गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होती. राज्य गेलेल्या समाजाने आपले हक्क व क्रम स्मरणात टिकविण्यासाठी केलेली ही खटपट आहे. उत्तरकाळात या शब्दास चिकटलेला राजकीय अर्थ येथे आरोपित केल्यास मूळ आशय झाकला जातो.

सारांश, ११३८ ची साक्षीदार म्हणून ही बखर दुबळी, परंतु १४४८ ची साक्षीदार म्हणून अमोल आहे. वंशावळीच्या दाव्यांचे निमित्त करून तिला त्याज्य ठरविणे जितके चुकीचे, तितकेच ते दावे जसेच्या तसे स्वीकारणेही चुकीचे होय.