‘लांडगा आला रे आला’ : आरोळी, पंचनामा आणि पशुपालकाची साक्ष

प्रस्तावना :

‘लांडगा आला रे आला’ हे शब्द कानावर पडताच मराठी वाचकाला लांडग्याच्या आधी खोटे बोलणारा मेंढपाळ मुलगा आठवतो. इसापाच्या या कथेने आपल्या भाषेला एक वाक्प्रचार दिला, तसाच एक पूर्वग्रहही दिला. जनावर मारले गेल्याची वार्ता घेऊन येणाऱ्याकडे प्रथम संशयाने पाहावे, हा तो पूर्वग्रह होय. बोधकथा, चित्रपट, विधी आणि शासकीय पंचनामा या चार संहितांमध्ये पशुपालकाच्या साक्षीला कोणते स्थान मिळते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचाराला निमित्त धाराशिव जिल्ह्यातील आहे. वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. तेथून सोलापूर-धुळे महामार्गाने दक्षिणेकडे गेल्यास येडशी लागते. तेथील रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाची प्रतिमा आली. अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील असल्याची ओळख पटली. चारशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून आलेल्या या वाघाने येडशीच्या परिसरात व लगतच्या बार्शी तालुक्यात पाळीव जनावरे मारली. २०२५ च्या प्रारंभी त्याला पकडण्यासाठी पथके पाचारण करण्यात आली, परंतु आठवडे लोटले तरी तो हाती लागला नाही. अभ्यासक व वृत्तपत्रे यांनी त्याला ‘रामलिंग’ हे नाव दिले. मारल्या गेलेल्या वासरांची वार्तांमध्ये मात्र केवळ संख्या उरली.

१. बोधकथा : एक उलट वाचन

सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या १८२८ मधील ‘इसपनीतिकथा’पासून इसाप मराठी शालेय संस्कारांचा भाग बनला. प्रस्तुत कथेचे रूढ तात्पर्य सर्वज्ञात आहे : खोटे बोलणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. मात्र या तात्पर्यात शिक्षा कोणाला होते, हा प्रश्न विचारला जात नाही. मरतात त्या मेंढ्या. कळप गावाचा मानला, तर मुलाला धडा शिकवण्याच्या भरात गावाने आपलेच नुकसान करून घेतलेले असते. दोनदा फसलेल्या गावाला तिसऱ्या वेळी एक माणूस टेकडीवर पाठवून पाहता आले असते. शहानिशा करण्याची ही शक्यता कथा गृहीतच धरत नाही. तिच्या जगात विश्वास आणि अविश्वास एवढे दोनच पर्याय आहेत. तपास हा तिसरा पर्याय नाही.

सोलापूर-धाराशिवच्या माळरानांवर लांडगा हे प्रतीक नसून प्रत्यक्ष प्राणी आहे. येथील मेंढपाळ रात्री शेतात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढ्या आत घेतो आणि कुत्र्यांसह त्यांच्या भोवती निजतो. अशा ठिकाणी आरोळी ही संरक्षणव्यवस्थेचा शेवटचा दुवा असते. तिचे मोल तिच्या मागे धावून येणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. फटाक्यांचेही असेच आहे. आवाजाने बिबट्या किंवा लांडगा काही काळ बिचकतो. परंतु त्या आवाजामागे माणूस, कुत्रा वा कुंपण यांपैकी काहीच नसेल, तर जनावर त्याला सरावते. म्हणजे पोकळ आरोळी जशी गाव ओळखते, तशी ती शिकारी प्राणीही ओळखतो. कथेचे खरे तात्पर्य येथे सापडते : दोष एकट्या आरोळी देणाऱ्याचा नसतो, प्रतिसादाची व्यवस्था नसणे हाही दोषच होय.

२. ‘आजोबा’ : प्रवासाची कथा आणि मागे राहिलेला गोठा

२००९ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वाचवण्यात आले. संशोधक विद्या अत्रेय व वनविभाग यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवून त्याला माळशेज घाटात सोडले. सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. सुजय डहाके दिग्दर्शित व उर्मिला मातोंडकर यांची प्रमुख भूमिका असलेला ‘आजोबा’ (२०१४) हा मराठी चित्रपट या घटनेवर आधारलेला आहे.

या चित्रपटाचे सांस्कृतिक कार्य मोठे आहे. ‘नरभक्षक’, ‘धुमाकूळ’, ‘दहशत’, ‘जेरबंद’ या ठरावीक शब्दांच्या पिंजऱ्यातून त्याने बिबट्याला बाहेर काढले आणि उसाच्या शेतांतून, वस्त्यांच्या कडेने शांतपणे जाणारा एक प्रवासी म्हणून प्रेक्षकांसमोर उभे केले. तथापि त्याची मर्यादाही याच घाटात दडलेली आहे. प्रवासकथेला मार्ग हवा असतो आणि नायकाने पुढे जात राहणे हवे असते. पशुपालकाचे नुकसान मात्र एका जागी, एका गोठ्यात घडते. नकाशावरील रेषा पुढे सरकते आणि तो गोठा मागे राहतो. संशोधक आणि बिबट्या यांना जोडणाऱ्या या कथनाच्या केंद्रस्थानी शेळी गमावलेली व्यक्ती येऊ शकत नाही. बोधकथेत मेंढपाळ खोटा ठरतो. येथे तो खोटा ठरत नाही, एवढेच. पण त्याचे म्हणणे ऐकलेही जात नाही. ‘रामलिंग’च्या वार्तांकनातही हाच घाट दिसतो.

३. वाघबारस : सीमेवरचा करार

याउलट एक परंपरा विचारात घेण्यासारखी आहे. आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्रात सर्वत्र वसुबारस म्हणून सवत्स धेनूची पूजा होते. त्याच दिवशी अकोले, नाशिक, ठाणे, पालघर या भागांतील आदिवासी समाज वाघबारस पाळतो आणि गुराढोरांचे रक्षण व्हावे म्हणून वाघोबाला पूजतो. गाय आणि तिचा शिकारी यांना एकच तिथी लाभणे हे अर्थपूर्ण आहे. या विधीत गुरे राखणारा हा आरोपी नाही आणि पार्श्वभूमीही नाही. वाघाशी थेट बोलणारा पक्ष तोच आहे. मात्र या परंपरेचे भावुक उदात्तीकरण टाळले पाहिजे. ती वर्षानुवर्षांच्या सहवासातून घडली. ज्या मराठवाड्यात कित्येक पिढ्यांनी वाघ पाहिला नाही, तेथे अशी श्रद्धा सल्ला म्हणून देता येत नाही. तेथे कराराचे काम दुसऱ्या संहितेला करावे लागते.

४. पंचनामा : संशयाचे गद्य

ती संहिता म्हणजे पंचनामा. वाघ, बिबट्या व लांडगा हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अशा प्राण्याला मारण्याची परवानगी तो मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास किंवा बरा न होण्याइतका विकलांग वा रोगग्रस्त असल्यासच देता येते. केवळ जनावरे मारली हे कारण पुरत नाही. संरक्षणाच्या दृष्टीने ही तरतूद योग्य आहे. परंतु त्यामुळे पशुपालकाच्या हाती नुकसानभरपाई हाच मुख्य मार्ग राहतो. २०२२ मधील राज्य शासनाच्या निर्णयानुसार गाय, म्हैस वा बैल दगावल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये आणि शेळी-मेंढी दगावल्यास ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते. त्यासाठी ४८ तासांत वनविभागाला कळवावे लागते आणि तपासणी होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवता येत नाही.

बोधकथेत नसलेला तपासाचा पर्याय येथे आहे, हे पंचनाम्याचे श्रेष्ठत्व होय. मृत जनावर बरेच काही सांगते. बिबट्या सहसा गळा धरतो आणि शिकार ओढून नेतो. वाघ बहुधा मागच्या भागापासून खाण्यास सुरुवात करतो. मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात मागील पायांवर व अंगावर ठिकठिकाणी फाटलेल्या जखमा आढळतात. पावलांचे ठसे याला पुष्टी देतात. पण ही चिन्हे वाचण्याची गरज केवळ दावा खरा की खोटा हे ठरवण्यापुरती मानली, तर पंचनामाही त्या गावासारखाच वागतो. जनावर रात्री कोठे बांधले होते, गोठ्याला छत व जाळी होती का, कुत्री होती का, त्याच वस्तीवर पूर्वी हल्ला झाला होता का, हे पशुपालकाला ठाऊक असते. ते नोंदवले गेले, तर भरपाईचा कागद प्रतिबंधाचाही कागद होईल. बिबट्याप्रवण भागांत सर्व बाजूंनी व वरून बंद असलेल्या गोठ्याचे महत्त्व आता सर्वमान्य आहे. कोणत्या वस्तीवर तो आधी उभारावा, याचे उत्तर अशा नोंदींतूनच मिळू शकते.

साक्ष नाकारली जाते किंवा तिचा निर्णय लांबतो, तेव्हा काय घडते? भरपाईची आशा सुटलेला मालक मृत जनावरात विष कालवण्याच्या मोहात पडू शकतो. ते बेकायदेशीर तर आहेच. शिवाय त्याने वाघाबरोबर तरस, कोल्हे, कुत्री आणि गिधाडेही मरतात. म्हणजे अविश्वासाची किंमत पुन्हा एकदा निरपराध जीव चुकवतात.

निष्कर्ष :

वरील चारही संहिता एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देतात : जनावर गमावलेल्या माणसाचे म्हणणे ऐकायचे कसे? बोधकथा त्याच्यावर संशय घेते, चित्रपट त्याला ओलांडून जातो, वाघबारस त्याला बोलू देते आणि पंचनामा त्याला तपासतो. यांपैकी बदलण्याजोगी आणि तातडीने बदलायला हवी अशी संहिता पंचनाम्याची आहे. पशुपालकाला दावेदाराबरोबरच जाणकार साक्षीदार मानणारा रकाना तिच्यात असावा. महाविद्यालयांनाही येथे काम आहे. प्राणिशास्त्र, मराठी व समाजशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वाड्या-वस्त्यांवरील अशा साक्षी पशुपालकांच्याच शब्दांत टिपून ठेवाव्यात. बालाघाटात पुढचा वाघ येईल तेव्हा त्याच्या नावाची चर्चा होईलच. त्या वेळी आरोळी देणाऱ्याला ‘काय पाहिलेस?’ असे विचारणारा माणूसही तेथे पोहोचला पाहिजे.