उपासनेतील उजेडाचा कारभार

दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचू पाहणाऱ्या ख्रिस्ती मंडळीने स्वतःसाठी काचेचे मंदिर बांधावे, हा विरोधाभास अमेरिकेतच संभवतो. कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथे फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाने रॉबर्ट शुलर यांच्या मंडळीसाठी १९८० साली सिद्ध केलेल्या ‘क्रिस्टल कॅथीड्रल’ला दहा हजारांहून अधिक काचा होत्या आणि तेथील उपासना ‘अवर ऑफ पॉवर’ या कार्यक्रमातून दूरदेशी दिसत असे. आत बसलेल्या उपासकाला ढग सरकल्याचा आल्हाद, तर कॅमेऱ्याला त्याच ढगाचा जाच; कारण ऊन आणि सावली एकाच दृष्टिक्षेपात सामावून घेण्याची मानवी नेत्राची सोशिकता भिंगाच्या अंगी नाही, आणि दिवसाचा सुमारे ५६०० केल्विनचा निळसर प्रकाश व तंतूच्या दिव्याचा ३२०० केल्विनचा पिवळसर प्रकाश यांतील जो भेद मेंदू सहज विसरतो, तो कॅमेरा वक्त्याच्या गालांवर बिनचूक नोंदवून ठेवतो. पुढे ही वास्तू रोमन कॅथलिक धर्मप्रांताकडे गेली. २०१९ मध्ये ‘ख्राइस्ट कॅथीड्रल’ म्हणून तिचे समर्पण झाले, तेव्हा काचांच्या आतून चौपाकळी पडद्यांची योजना करून उन्हाला लगाम घालण्यात आला होता. सूर्याला हद्दपार न करता त्याच्याशी तह करणारी ही तजवीज मला प्रकाशयोजनेच्या कलेतील अलीकडची सर्वांत विवेकी कृती वाटते.

बहुसंख्य मोठ्या मंडळ्यांनी मात्र हद्दपारीच पत्करली आहे. ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चने बास्केटबॉलचे क्रीडागार भाड्याने घेऊन २००५ मध्ये त्याचे उपासनागृह केले. अशा बंदिस्त इमारतीत प्रत्येक किरण हुकमाचा ताबेदार असतो. येल विद्यापीठाच्या स्टॅन्ली मॅकॅंडलेस यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात नटावर दोन बाजूंनी, पंचेचाळीस अंशांवरून, एक उबदार व एक शीतल झोत टाकण्याची जी पद्धती सांगितली, ती नाट्यगृहाला पुरेशी होती. कॅमेऱ्याला ती जशीच्या तशी मानवत नाही. झोत फार उंचावरून आला की पाळकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा दिसतात, म्हणून तो खाली आणावा लागतो. मस्तक पार्श्वभूमीत बुडू नये म्हणून मागून वेगळा उजेड द्यावा लागतो. आणि स्वस्त एलईडी दिव्यांची जी लुकलुक समोरच्या उपासकाच्या ध्यानीही येत नाही, तिचे पट्टे पडद्यावर सरकू लागतात. या सर्व अडचणींवर कारागिरांनी मात केली आहे, हे मुक्तकंठाने मान्य केले पाहिजे.

माझा आक्षेप आहे तो वेगळाच. व्यासपीठ उठून दिसावे म्हणून मंडळीला अंधारात बसवण्याचा दस्तूर पडला आहे. त्यात कृत्रिम धूर आणि फिरत्या दिव्यांचे झोत यांची भर. प्रॉटेस्टंट सुधारणेने गायन सर्व मंडळीच्या मुखी दिले होते. शेजाऱ्याचा चेहराच जेथे दिसत नाही, तेथे ते पुन्हा मंचावरच्या मोजक्या कंठांकडे जाते. २०२० च्या महामारीत रिकाम्या सभागृहांतून चित्रण करावे लागले, तेव्हा बाके काळोखात ठेवणे समजण्यासारखे होते. माणसे परत आल्यावरही अनेक ठिकाणी दिव्यांची मांडणी तीच राहिली, याला आळस म्हणावा की आवड, देव जाणे. वास्तविक बाकांवरचा उजेड मंचाच्या उजेडाहून काही अंशी मंद ठेवला, तरी कॅमेऱ्याचे काम भागते, आणि डिमर तर आता लहानशा चर्चमध्येही असतो. मात्र उपासनेच्या वेळी तो कोणाच्या हुकमाने फिरतो, पाळकाच्या की चित्रण-दिग्दर्शकाच्या, याचा निर्णय आधी व्हायला हवा. आणि तो बहुतेक मंडळ्यांत झालेला दिसत नाही.