सुटलेला हात : ‘लिटल नाइटमेअर्स २’ आणि समीक्षकांची गुणपत्रिका

बारामतीकर आहेत, इंदापूरहून एसटीनं आलेले आहेत, आणि ऑनलाइन ऐकणारेही आहेत. सगळ्यांचे आभार. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला सत्तरीतला म्हातारा आज व्हिडिओ गेमवर बोलणार, हे ऐकून काही जण नुसते बघायला आले असतील. हरकत नाही, बसा.

झालं असं, की माझ्या नातवानं सुट्टीत एक गेम खेळून संपवला आणि दोन दिवस तो गप्प होता. मग मला म्हणाला, “आजोबा, तिनं हात का सोडला?” मला उत्तर देता येईना. म्हणून त्याच्या शेजारी बसून मी तो गेम सुरुवातीपासून बघितला. मग समीक्षकांनी काय लिहिलंय तेही वाचलं. आजचं व्याख्यान त्यातून आलं. शेवट सांगावा लागणार आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी कान झाका.

गेमचं नाव ‘लिटल नाइटमेअर्स २’. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या टार्सियर स्टुडिओजनं तो तयार केला आणि जपानच्या बांदाई नामकोनं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी बाजारात आणला. पहिला भाग २०१७ चा. उड्या मारायच्या, कोडी सोडवायची, लपायचं, पळायचं, असा हा भयाचा खेळ. डोक्यावर कागदी पिशवी घातलेला मोनो नावाचा मुलगा आणि त्याच्या सोबतीला सिक्स नावाची मुलगी. दोघंही इवलीशी, आणि भोवतालचं जग राक्षसी मोठं. जंगलातला शिकारी, शाळेतली लांब मानेची बाई, इस्पितळात छताला चिकटून सरपटणारा डॉक्टर, आणि शहरभर टीव्हीला डोळे लावून बसलेली माणसं. संवाद जवळजवळ नाहीतच.

समीक्षकांनी याचं स्वागत चांगलं केलं. दहापैकी सात, आठ, नऊ. पण गुणपत्रिकेत दोन रकाने स्पष्ट दिसतात. एका रकान्यात स्तुती : वातावरण, प्रकाश, आवाज, शेवट. दुसऱ्यात तक्रारी : मोनोच्या हातातली शस्त्रं अवजड, घाव वेळेवर बसत नाही. खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून उडी चुकते. मरून मरूनच वाट कळते. कोडी सोपी, खेळ छोटा. म्हणजे ‘दिसतो छान, खेळायला त्रासदायक’. मी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत. असे गुण देणं मला ओळखीचं आहे : हस्ताक्षराला दोन, मुद्द्याला तीन. त्या नादात निबंध काय म्हणतोय हे वाचायचं राहून जातं.

आता शस्त्रांचंच बघा. भरतमुनी नाट्यशास्त्रात भयाचा संबंध स्त्रिया आणि नीच प्रकृतीच्या पात्रांशी जोडतात. ‘नीच’ हा शब्द आज आपल्याला टोचतो, टोचलाच पाहिजे. पण त्यामागचं निरीक्षण घ्या : भय कुणाला वाटतं? ज्याच्या हातात सत्ता नाही त्याला. मोनो पोरगं आहे. त्याला हातोडा उचलता येत नाही, तो जमिनीवरून फरफटत नेतो. पूर्ण ताकद लावून एक घाव घालतो, आणि तो चुकला की संपलं. हाच हातोडा सिनेमातल्या हिरोसारखा चालला असता तर भय उरलं असतं का? त्या अवजडपणातूनच तर भय येतं. इथे मी समीक्षकांच्या विरोधात उभा आहे.

पण म्हणून सगळ्याच तक्रारी खोट्या नाहीत. तसं म्हटलं तर ती समीक्षा न राहता वकिली होईल. अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रतीतीच्या साधनांतच उणीव असणं. फळी जवळ आहे की लांब हे डोळ्यांना कळलंच नाही, तर ती उणीव कलाकृतीची. दुसरं विघ्न, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकणं. एकाच ठिकाणी आठव्यांदा मेल्यावर नातू मोनोसाठी घाबरत नव्हता, तो स्वतःवर चिडत होता. चिडलेल्या माणसाला भयानक रस कुठून मिळणार? हजार वर्षांपूर्वीचा काश्मिरी आचार्य आणि आजचे गेम-समीक्षक इथे एकच बोलतायत, आणि बरोबर बोलतायत.

आता मूळ प्रश्न. हात का सोडला?

या खेळात एक बटण दाबून धरलं की मोनो सिक्सचा हात धरतो. खेळाच्या दृष्टीनं त्याची गरज फार थोड्या वेळा पडते. तरी नातू ते धरूनच चालायचा. लांब उडी मारायची असली की सिक्स पलीकडे उभी राहून त्याला झेलते. एकदा झेलते, दोनदा झेलते, तुम्हाला सवय लागते. आणि शेवटी सगळं कोसळत असताना ती झेलते, क्षणभर बघते, आणि सोडून देते. मोनो खाली पडतो, एका खुर्चीवर एकटा बसून राहतो, मोठा होतो, आणि ज्या उंच, किडकिडीत माणसापासून आपण पळत होतो तोच बनतो.

बहुतेकांनी याला ‘धक्कादायक शेवट’ म्हणून शाबासकी दिली आणि शस्त्रांची तक्रार वेगळ्या परिच्छेदात टाकली. माझं म्हणणं, या दोन गोष्टी एकच आहेत. सुरुवात आठवा. शिकाऱ्याच्या घरात सिक्स कोंडलेली आहे, संगीतपेटीशी खेळतेय. मोनो कुऱ्हाडीनं दार फोडून तिला सोडवतो, आणि ती त्याला घाबरून पळते. शेवटी सिक्स राक्षसी झालीय, पुन्हा संगीतपेटीला धरून बसलीय. मोनो हातोड्यानं ती पेटी फोडतो. त्याच्या लेखी ही सुटका. तिच्या लेखी? तिला प्रिय असलेली एकमेव वस्तू त्यानं तिच्या डोळ्यांदेखत फोडली. आणि ‘त्यानं’ कसलं, बटण आपण दाबलं! गेम याचं उत्तर देत नाही. पण प्रश्न आपल्या हातात ठेवतो, आणि हे सिनेमाला जमत नाही.

आणखी एक. हा दुसरा भाग असला तरी गोष्ट पहिल्याच्या आधीची आहे, आणि हेही शेवटाकडे कळतं. इंदापूरकरांना हे समजावून सांगायला नको. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. नंतर दिसतं, पण असतं आधीचं. ते बघितल्यावर वरचं पाणी पहिल्यासारखं वाटत नाही. तशी पहिल्या भागातली पिवळ्या रेनकोटातली, भुकेली सिक्स आता पहिल्यासारखी वाटत नाही. चांगल्या उत्तरार्धाची कसोटी माझ्या मते ही. कोडी किती आणि तास किती, हे नंतरचं.

तिसरा भाग २०२५ मध्ये सुपरमॅसिव्ह गेम्स या दुसऱ्या स्टुडिओनं केला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

नातवाला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, “तिनं का सोडला ते मला माहीत नाही. पण तू पेटी फोडताना तिला विचारलं होतंस का?” तो म्हणाला, “विचारायचं बटणच नव्हतं.” मंडळी, या गेमवर मी वाचलेल्या सगळ्या समीक्षांत मला हे वाक्य सरस वाटलं. आपण मास्तरांनी, आईबापांनी मुलांच्या भल्यासाठी म्हणून किती पेट्या फोडल्या, आणि आपल्याकडे तर विचारायचं बटण होतं. याचा हिशोब घरी जाऊन ज्यानं त्यानं करावा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, पोरांनी आधी.