दासीच्या हातातली झोळी

फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातल्या या रेखाचित्रावर आंद्रेआ मांतेन्याने आपले नाव घातले आहे, शिवाय काळही: फेब्रुवारी १४९१. ज्यूंच्या बेथुलिया नगराला वेढा घालणाऱ्या होलोफर्नेस सेनापतीचे शिर ज्युडिथ या विधवेने त्याच्याच तलवारीने उडवले, ही बायबलमधली कथा. मांतेन्या तो वार दाखवत नाही, त्यानंतरची आवराआवर दाखवतो. ज्युडिथ शिर झोळीत टाकते आहे, दासी वाकून झोळी धरून आहे.

ज्युडिथ थेट रोमन पुतळ्यांच्या घराण्यातली. वस्त्राच्या चुण्या दगडात कोरल्यासारख्या, नजर शिरावरून काढून घेतलेली. मला हा थंडपणा किंचित खटकतो; वार करण्याआधी देवाची करुणा भाकणारी बाई ती हीच का, असे वाटते. पण हात काय तयारीचा! हा कागद पुढे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीच्या संग्रहात होता. उजेडासाठी पांढरा रंग न लावता कोरा कागदच राखला आणि तरी सुटे केससुद्धा स्पष्ट दिसतात, याचे त्याला भारी कौतुक. ते रास्तच, कारण शाईने एकदा झाकलेला कागद पुन्हा उजळत नाही.

दासी मात्र आफ्रिकन आहे. ग्रंथात तिच्या वर्णाचा उल्लेखच नाही. तिथे ती ज्युडिथचा सगळा कारभार पाहणारी विश्वासू बाई आहे, आणि ज्युडिथ मरण्याआधी तिला दास्यातून मोकळे करते. मांतेन्या मांतुआच्या गोंझागा घराण्याचा दरबारी चित्रकार. त्याच दरबारातल्या इझाबेला देस्तेने मे १४९१ मध्ये व्हेनिसच्या आपल्या माणसाला लिहिले, की एक काळी मुलगी हवी. दीड ते चार वर्षांची, आणि होईल तितकी काळी. चित्र आणि पत्र यांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर. हे कळल्यावर ते वाकणे नुसते रचनेचा भाग म्हणून पाहता येत नाही.

आणि ज्युडिथ ज्यू. त्याच मांतुआत दानिएले दा नोर्सा या ज्यू सावकाराने आपल्या घरावरची मेरीची प्रतिमा काढून टाकली, तीही बिशपची परवानगी घेऊन. तरी त्याच्याकडून ११० डुकाट वसूल झाले, आणि त्या पैशातून मांतेन्यानेच १४९६ मध्ये विजयाची मेरी रंगवली. आज लूव्हरमध्ये असलेल्या त्या चित्रात मेरीपुढे गुडघे टेकून बसला आहे तो इझाबेलाचा नवरा, फ्रान्चेस्को गोंझागा. पैसे भरणारा त्यात कुठेच नाही.