मराठीचा यांत्रिक उच्चार आणि मुक्त साधने

लिखित मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी संगणकीय साधने, म्हणजे वाक्‌संश्लेषक, मराठीसाठी आज विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील काही मुक्तस्रोत आहेत. त्यांची घडण तपासण्याची, ती बदलण्याची आणि बदललेली प्रत इतरांस देण्याची मुभा सर्वांस आहे. या साधनांची पारख सामान्यतः आवाजाच्या गोडव्यावरून होते. मराठीच्या दृष्टीने ही कसोटी अपुरी आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक ज्या आवाजातून भेटते, त्या आवाजाचे दोष त्याच्या आकलनात उतरतात. सबब दोष आढळल्यावर तो दूर करता येतो काय, हा प्रश्न गोडव्याच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा ठरतो.

विचारार्थ दोन साधने घेता येतील. पहिले ईस्पीक एनजी. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकासाठी रचलेल्या संश्लेषकातून ईस्पीक विकसित झाला आणि २०१५ च्या अखेरीस त्यातून ईस्पीक एनजी ही शाखा निघाली. एनव्हीडीए या दृष्टिहीनांसाठीच्या विनामूल्य पडदावाचकासोबत हाच आवाज येतो. ध्वनीच्या अनुनादांचे गणित मांडून तो स्वर-व्यंजने घडवितो. त्यामुळे तो आकाराने लहान, गतीने चपळ आणि कानाला रुक्ष आहे. दुसरे साधन आयआयटी मद्रास येथील एआयफोरभारत या संशोधनगटाने २०२२ मध्ये मराठीसह १३ भारतीय भाषांसाठी खुले केले. माणसांनी वाचलेल्या मजकुराच्या ध्वनिमुद्रणांवरून न्यूरल नेटवर्कला उच्चार शिकवून ते सिद्ध झाले आहे. त्याचा आवाज मानवी वाटतो.

देवनागरी लिपी पूर्णतः उच्चारानुसारी आहे, हा रूढ समज अशा साधनांपुढे टिकत नाही. मराठीत च, ज आणि झ यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत; लिपी त्यांत भेद करीत नाही. यंत्राच्या दृष्टीने या अडचणीच्या तीन पायऱ्या संभवतात. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील झकाराचा भेद पुढील स्वरावरून ठरतो. तेथे नियम पुरतो. तत्सम ‘चंद्र’ तालव्य आणि तद्भव ‘चाक’ दंततालव्य, हे अक्षरांवरून कळत नाही. तेथे शब्दांची यादी लागते. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’, किंवा संख्यावाचक ‘चार’ आणि ‘गुरांना चार’ यातील ‘चार’, यांचे लेखन एकच असून उच्चार भिन्न आहेत. तेथे वाक्याचा अन्वय लागल्याखेरीज उच्चार ठरत नाही. हिंदीसाठी रचलेले नियम मराठीवर लादल्यास तर ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ आणि ‘कृपा’ची ‘क्रिपा’ होते. ‘संवाद’ व ‘संरक्षण’ यांतील अनुस्वाराचा वकारसदृश उच्चारही हरपतो. दौलताबाद आणि खुलताबाद ही या जिल्ह्यातील नावे बोलण्यात ‘दौल्ताबाद’, ‘खुल्ताबाद’ अशी होतात. असा अकारलोप केव्हा होतो, हेही यंत्रास सांगावे लागते.

अनुस्वाराच्या प्रश्नाला ऐतिहासिक बाजूही आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तत्पूर्वीच्या ग्रंथांत ‘घरीं’, ‘केलें’ अशी रूपे सर्वत्र आढळतात. यंत्राने ते अनुस्वार नासिक्य उच्चारल्यास वाचन विद्रूप होते. उलटपक्षी आजच्या लेखनातील ‘केलं’, ‘गेलं’ यांवरील बिंदू अंत्य अकाराची दीर्घता सुचवितो. जुने मराठी वाङ्मय दृष्टिहीन अभ्यासकांस खुले करावयाचे, तर ग्रंथाचा काळ ध्यानात घेऊन एकाच चिन्हाचे निरनिराळे वाचन करणे भाग आहे.

दोषनिवारणाच्या बाबतीत या दोन साधनांतील अंतर स्पष्ट होते. ईस्पीक एनजीच्या मूळ संचात मराठीच्या दोन साध्या मजकूर-फायली आहेत. एकीत संदर्भानुसार अक्षरांचे उच्चारनियम आहेत, तर दुसरीत अपवादात्मक शब्द व संख्यावाचके. चुकलेल्या शब्दासाठी एक ओळ जोडून, संच पुन्हा बांधून, दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठविता येते. त्याचा जीपीएल परवाना ही मुभा कायम राखतो. पहिल्या दोन पायऱ्यांवरील दोष या मार्गाने निवारता येतात. तिसऱ्या पायरीवर मात्र त्याची शक्ती फारच तोकडी आहे. न्यूरल साधनाची स्थिती याच्या उलट. शेजारील शब्दांवरून उच्चार निवडण्याची शक्यता त्यात अंगभूत आहे. परंतु त्याचे उच्चारज्ञान असंख्य आकड्यांत विखुरलेले असल्याने ‘चाक’चा दोष नेमका कोठे सुधारावा, हे दाखविता येत नाही. नवी ध्वनिमुद्रणे आणि मोठी संगणनशक्ती यांवाचून ती दुरुस्ती साधत नाही. परवान्याने दोन्ही साधने मुक्त असली, तरी विद्यार्थ्याच्या हाताला ती सारखीच मोकळी नाहीत.

ही दुरुस्ती करणारा अभ्यासक कसा तयार व्हावा, हा यापुढील प्रश्न होय. प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, सी, जावा, पायथन इत्यादी विषयांवर सुमारे १० मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य उपलब्ध केले आहेत. पाठांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले जाते. पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजीच राहतो. शेजारच्या खिडकीत प्रयोग करीत पाठ ऐकण्याची ही पद्धती मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास विशेष अनुकूल आहे. तथापि पडद्यावर दिसणाऱ्या कृतीवरच तिची मदार असल्याने दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ निवेदन येते. मराठीच्या उच्चारासारखा भाषिक प्रश्न या पाठांच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यासाठी उपरोक्त दोन मजकूर-फायली हेच उत्तम पाठ्यसाहित्य ठरेल. तेथे नियम, अपवाद आणि परिणाम यांचा संबंध कानांनी पडताळता येतो.

दृष्टिहीन विद्यार्थी स्वतः प्रोग्रॅम लिहू लागतो, तेव्हा रुक्ष आवाजाचे मोलही वाढते. पायथनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा अर्थवाहक असते. एनव्हीडीए ती शब्दांनी किंवा सुरांनी कळवू शकतो. अशा वाचनात कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे जलद गतीतही निःसंदिग्धपणे ऐकू येणे आवश्यक असते. कादंबरी ऐकण्यास न्यूरल आवाज श्रेयस्कर, तर प्रोग्रॅम तपासण्यास ईस्पीकचा. एकाच मापाने दोहोंची प्रतवारी लावणे योग्य नव्हे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील मराठवाडा विद्यापीठात मराठी भाषेचे अध्यापन होते, तसेच संगणकशास्त्र विभागात मराठी वाणी ओळखण्याविषयीचे संशोधनही झाले आहे. ज्या शब्दांचा उच्चार लेखनावरून निश्चित होत नाही, त्यांचा ध्वनिमुद्रणांसह उच्चारकोश हा या दोन्ही विद्याशाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संयुक्तपणे हाती घेता येण्याजोगा विषय आहे. तो मुक्त परवान्याने प्रसिद्ध झाल्यास नियमाधिष्ठित साधनास यादी म्हणून आणि न्यूरल साधनास परीक्षणाची कसोटी म्हणून उपयोगी पडेल. प्रमाण उच्चारासोबत मराठवाड्यातील प्रचलित उच्चारही त्यात स्वतंत्रपणे नोंदविले जावेत. कोणता उच्चार प्रमाण मानावा, याविषयीचा निर्णय अन्यथा ध्वनिमुद्रणासाठी निवडलेल्या एकदोन आवाजांवर सोपविला जाईल, आणि तो भाषाभ्यासकांच्या चर्चेविनाच रूढ होईल.