‘सीबर्ग’ : पाळत कोणाची, कथा कोणाची?

बेनेडिक्ट अँड्र्यूज दिग्दर्शित ‘सीबर्ग’ (२०१९) हा चरित्रपट अभिनेत्री जीन सीबर्ग हिच्यावर एफबीआयने ठेवलेल्या पाळतीविषयी आहे. तिने नागरी हक्कांच्या संघटनांना व ब्लॅक पँथर पक्षाला देणग्या दिल्या, एवढाच तिचा अपराध. १९७० साली ती गरोदर असताना, मुलाचा बाप पँथर कार्यकर्ता असल्याची खोटी वार्ता पसरविण्याचे ठरले. तिचे गरोदरपण सर्वांच्या लक्षात येईपर्यंत सुमारे दोन महिने थांबावे, अशी सूचना मुख्यालयातून गेली. वार्ता छापून आली. ऑगस्टमध्ये अपुऱ्या दिवसांची मुलगी जन्मली आणि दोन दिवसांत दगावली. ८ सप्टेंबर १९७९ रोजी पॅरिसमध्ये सीबर्गचा मृतदेह मोटारीत सापडला. त्यानंतर काही दिवसांतच एफबीआयने आपल्या कृत्याची कबुली दिली.

क्रिस्टन स्टुअर्टने ही भूमिका मनापासून केली आहे. परंतु पटकथेने जॅक सॉलोमन हा काल्पनिक अधिकारी निर्माण करून त्याचे घर, त्याची पत्नी, त्याची टोचणी यांना फार जागा दिली आहे. त्यामुळे ‘दोन महिने थांबा’ असे थंडपणे लिहिणारी कचेरी दृष्टीआड होते व उरते ती एका भल्या माणसाची घालमेल. माल्कम एक्सचे अनुयायी हकीम जमाल व त्यांची पत्नी डोरोथी यांच्यावर तर अधिक अन्याय झाला आहे. मुलांसाठी शाळा चालविणारे हे दांपत्य येथे प्रेमप्रकरणापुरतेच उरते.

आमच्या छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्या आहेत. सत्ताधीशांची आठवण दगडात टिकते. पाळतीखाली जगलेल्यांची आठवण बहुधा पोलिसांच्या कागदांतच राहते. म्हणून ते कागद कोणाच्या नजरेने वाचावेत, हा प्रश्न गौण नाही.

आपल्याकडे ‘संस्कार’ (१९७०) या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात अटक झाली. अंतिम आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते, तरी मिसाखाली त्यांना बंगळूरच्या तुरुंगात ठेवले गेले. दम्याने खंगलेल्या स्नेहलता जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्या आणि २० जानेवारीला वारल्या. त्यांची तुरुंगातील दैनंदिनी मागे राहिली व पुढे प्रसिद्धही झाली. त्यांच्यावर चित्रपट करणाऱ्याला सहृदय अधिकारी कल्पावा लागणार नाही; ती दैनंदिनी उघडावी लागेल.