कोंबडीच्या पायाखाली काय आहे?

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून मागं दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. हसा. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक घाटनांदूरला येऊन कोंबडीच्या पायावर बोलणार, म्हणजे गंमतच आहे. पण आपल्याकडं बैल घेताना माणूस दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. ऊसतोडीला निघणारी जोडी पत्री मारल्याशिवाय गाडीला जुंपत नाहीत. शेळी लंगडली तर म्हातारी तिचा पाय मांडीवर घेऊन बसते. अंडी देणाऱ्या कोंबडीचा पाय उलटा करून मात्र कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता, त्या गोष्टीकडं नंतर येतो.

आज ज्या दस्तऐवजाची चिकित्सा करायची आहे, तो आहे ब्रॅम्बेल समितीचा अहवाल. 1964 साली इंग्लंडात रूथ हॅरिसन यांचं ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक आलं. कोंबड्या, वासरं, डुकरं यांना कारखान्यासारखं कसं वाढवतात, हे लोकांनी वाचलं आणि ओरड झाली. सरकारनं प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांची समिती नेमली आणि 1965 च्या डिसेंबरात अहवाल आला. पुढं ‘पाच स्वातंत्र्यं’ म्हणून जे जगभर गेलं, त्याचं बीज इथलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या नागराज निकालात, म्हणजे जलिकट्टूच्या प्रकरणात, त्याच पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. मूळ अहवालातली यादी फार साधी होती, बरं का. जनावराला उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत.

उभं राहता यावं, हे बरोबर. पण कशावर?

समितीनं हा प्रश्न टाळला नाही, हे तिचं मोठेपण. पिंजऱ्याच्या तळाला असलेली बारीक तारेची षट्कोनी जाळी सदस्यांनी पाहिली आणि त्यांना वाटलं, ही पायाला रुतत असणार. म्हणून शिफारस केली की ही जाळी नको, जाड तारेची वापरा. सहृदय माणसांनी केलेली सहृदय शिफारस. मग 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या दोघांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. वेगवेगळे तळ ठेवले आणि त्या कुठं जास्त वेळ उभ्या राहतात ते मोजलं. कोंबड्यांनी पसंत केली ती समितीनं नाकारलेली बारीक जाळी! बारीक जाळीत पंजाला अधिक ठिकाणी टेकू मिळतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

वर्गात मी हे उदाहरण कित्येक वर्षं सांगत आलो. पुढच्याच वर्षी, 1974 मध्ये, टॉमस नेगेलचा ‘वटवाघूळ असणं म्हणजे काय’ हा प्रसिद्ध निबंध आला. दोन्ही एकत्र शिकवले की तास रंगायचा. समितीची चूक माहितीची नव्हती, तिनं स्वतःचा तळवा कोंबडीच्या पायाला लावून पाहिला, असं मी म्हणायचो. पोरं माना डोलवायची.

आता माझी चूक. निवृत्तीनंतर भाच्याच्या शेडमध्ये गेलो. लेअर पक्षी, पांढरे, पिंजऱ्यातले. त्यानं एक कोंबडी काढून माझ्या हातात दिली आणि मी पहिल्यांदा पाय उलटा केला. नखं वाढून वाकलेली, एक मुळातून मोडलेलं, तळव्याची कातडी जाड आणि फुटलेली. आपल्याकडं टाचांना भेगा पडतात ना, तशी. ती कोंबडी तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या जातीची, आणि तिच्या पायाबद्दल भाच्यालाही काही सांगता येईना. मी ज्ञानमीमांसा शिकवत होतो हो, पण पाय बघितला नव्हता.

म्हणून आता ‘कोंबडीलाच विचारा’ या उत्तरावरही माझा आक्षेप आहे. मेरियन डॉकिन्स यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या सुरुवातीला बागेपेक्षा पिंजराच निवडतात. सवय! सहा महिने कोपीत राहून आलेल्या माणसाला घरी पहिल्या रात्री झोप लागत नाही, म्हणून कोपी चांगली ठरत नाही. शिवाय पसंती ही त्या क्षणाची असते. ज्या जाळीवर आज बरं वाटतं, तिच्यावर वर्षभर उभं राहून काय होतं, हे कोंबडी आधी कसं सांगणार? नख झिजायला उकरावं लागतं. जाळीवर उकरायचं काय? युरोपीय संघाला 1999 च्या निर्देशात पिंजऱ्यात नखं झिजवण्याची सोय करा, असं वेगळं लिहावं लागलं.

बरं, पिंजरा काढला की पाय बरे होतात का? नाही ना. स्वीडनमध्ये कोंबड्यांना बसायला दांडे दिले, जी तिची उपजत गरज आहे, तेव्हा पिंजऱ्यात क्वचित दिसणारा आजार वाढला. बंबलफूट म्हणतात त्याला. तळव्याला जखम, त्यात स्टॅफिलोकॉकससारखे जंतू, मग सूज, गाठ, पू. दांड्याचा आकार, ओल, घाण यांवर ते अवलंबून असतं, असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं. शेडमधला तूस ओला राहिला तरी तेच. आणि गावरान कोंबडीचं कौतुक करणाऱ्यांनी आपला आठवडी बाजारही आठवावा. पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या सायकलच्या हँडलला कुणी पाहिल्या नाहीत? अंगणातल्या कोंबडीच्या बोटाला दोरा गुंडाळून बोट काळं पडलेलं पाहिलं नाही?

आपल्याकडची चर्चा मात्र जागेवर अडून बसली आहे. 1960 च्या कायद्याच्या अकराव्या कलमात पिंजऱ्याची उंची, लांबी, रुंदी आहे. 2017 मध्ये विधी आयोगाचा 269 वा अहवाल खास कोंबड्यांवर आला, 2019 मध्ये मसुदा नियम आले, आणि वाद झाला तो चौरस सेंटिमीटरचा. युरोपनं जुन्या पिंजऱ्यात दर कोंबडीला किमान 550 धरले होते. म्हणजे झेरॉक्सच्या एका ए-फोर कागदाहूनही कमी. जागा हवीच, त्यावर मी तडजोड सुचवत नाही. पण क्षेत्रफळ पट्टीनं मोजता येतं, म्हणून आपण तेच मोजतो. पाय मोजायला कोंबडी हातात घ्यावी लागते.

भाचा म्हणतो, मामा, हजारो पक्षी आहेत, किती उचलू? त्याचं खरं आहे. अंड्याचा भाव त्याच्या हातात नाही, कर्जाचा हप्ता ठरलेला आहे. मी म्हटलं, सगळे नको. पंधरा दिवसांनी रात्री, पक्षी शांत असताना, वेगवेगळ्या रांगांतले वीस उचल. नख, तळवा, बोटांमधली जागा बघ आणि वहीत लिही. तुटलेली तार दिसली तर त्याच दिवशी बदल. त्यानं दोन महिने वही ठेवली, मग ठेवली नाही. का ठेवली नाही, हे तो समोरच बसलाय, तोच सांगेल. माइक त्याच्याकडं द्या.